दुकान उघडले तेव्हाची नीयत



सन 2020 चा आंब्याचा हंगाम रत्नागिरीत कोणी विसरला नसेल. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा झाडांवर हापूस तयार होत होता. वाशीच्या बाजाराचा भरवसा उरला नव्हता, आखाती देशांकडे जाणारी विमाने बंद होती आणि एप्रिल सरता सरता रमजानही सुरू झाला. त्या दिवसांत अनेकांनी फोनवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठविण्यास आरंभ केला. आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक तरुण याच वाटेने व्यवसायात आले. भगिनींनी घरातूनच आंबापोळी, आमसूल, मसाले विकायला काढले. भांडवल म्हणजे कोणाच्या आईच्या बांगड्या, कोणाची कुवेतमध्ये राहून साठविलेली शिल्लक.

हे कशासाठी, असे तेव्हा कोणी विचारले असते तर उत्तर साधे होते. आईवडिलांजवळ राहावे, लेकरांचे बालपण फोटोत पाहण्याची पाळी येऊ नये, कोणापुढे हात पसरावा लागू नये, आणि घेणाऱ्याला आपल्या बागेतले खरे फळ मिळावे. ही नीयत लहान नव्हे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) सर्वस्व मागे टाकून मदीनेत आले, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. संध्याकाळी ते तूप आणि सुकवलेले दही यांच्या विक्रीतून उरलेला नफा घेऊन परतले. कोणावर भार न होण्यासाठी केलेला व्यापार इबादतीच्या किती जवळचा आहे, हे यावरून कळते.

आता त्याच व्यवसायाकडे आज पाहा. मागणी वाढली, बागेतले फळ पुरेनासे झाले. प्रथम शेजारच्या गावचा माल घेतला, पुढे कर्नाटकातला आला, आणि पेटीवरचे नाव मात्र तेच राहिले. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव आता आपल्या हाती सोपविलेली एक अमानत आहे. पण पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे आणि खालच्या थरात बारकी फळे भरताना अमानत कोणाला आठवते? असरची जमात चुकते, मग मगरिबची. आईजवळ राहता यावे म्हणून ज्याने आखात सोडले, तो हंगामाचे तीन महिने तिच्याशी धड दोन वाक्ये बोलत नाही. यांतले काहीही कोणी ठरवून केलेले नसते. दुकानाच्या भिंतीवर कुरआनच्या आयतीची चौकट तशीच टांगलेली असते.

अशा वेळी आपण बयानांत ऐकतो, की नीयत ताजी करा. सल्ला खरा आहे. पण तो ऐकून डोळे ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी पेटी पूर्वीसारखीच भरली जाते. असे का होते, हे समजण्यास फिक्हमधील एक मसला मला फार उपयोगी वाटतो.

आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. आपल्या फिक्हच्या ग्रंथांत जकातीच्या प्रकरणी व्यापारी मालाचा विचार आला आहे. विकण्यासाठी घेतलेली वस्तू मालकाने स्वतःच्या वापरासाठी ठेवण्याची नीयत केली, की केवळ त्या नीयतीनेच ती व्यापारी माल राहत नाही. उलट, घरच्या वापराची वस्तू मात्र नुसत्या नीयतीने व्यापारी माल होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष व्यवहार घडावा लागतो. फकीहांनी याला प्रवाशाची उपमा दिली आहे. मुसाफिराने मुक्कामाची नीयत केली की तो मुकीम झाला. पण घरात बसलेल्या माणसाने प्रवासाची कितीही नीयत केली, तरी पाऊल बाहेर पडेपर्यंत तो मुसाफिर होत नाही, त्याला कसरची सवलत मिळत नाही.

मसला जकातीचा आणि नमाजचा आहे, हे मी जाणतो. पण त्यात मनुष्यस्वभावाची ओळख आहे. थांबायला, सैल पडायला मनातला एक बदल पुरतो. निघायला मात्र पाऊल उचलावे लागते. दुकानाची पहिली नीयत अशीच गेली, आत कुठेतरी नकळत. ती केवळ आठवणीने परत येणार नाही. ती एखाद्या कृतीतूनच परत येईल, आणि त्या कृतीची किंमत द्यावी लागेल.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. चरित्रकार सांगतात, की त्यांनी आपल्या भागीदाराला मालातील एका कापडाचा दोष दाखवून तो गिऱ्हाइकाला सांगण्यास बजावले होते. भागीदार विसरला, कापड विकले गेले आणि घेणारा कोण हेही कळेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली. नुसता नफा नव्हे, सगळी रक्कम. आणि पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याची सबब त्यांनी ऐकून घेतली. पण ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. पेटीच्या खालच्या थराविषयी याहून स्पष्ट काय सांगायचे?

इमाम गजाली (रह.) हेही शाफईच. ‘इह्या’मध्ये कमाईच्या आदाबांत त्यांनी व्यापाराच्या आरंभीची नीयत प्रथम ठेवली आहे: लोकांपुढे हात पसरण्यापासून बचाव, कुटुंबाचे पोषण, इतरांसाठी तेच इच्छिणे जे स्वतःसाठी इच्छितो. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. बाजारात सर्वांत आधी जाणारा आणि सर्वांत शेवटी निघणारा होऊ नये, असेही ते बजावतात. नीयत त्यांनी हृदयात सोडून दिली नाही, तिला घड्याळाशी बांधले.

तेव्हा यंदा बाहेरचा आंबा घेतलात तर तो कुठला आहे, ते पेटीवर लिहा. खालचा थर वरच्यासारखाच भरा. कार्बाइडला कायद्याने बंदी आहेच. आंबा अढीत पिकेपर्यंत थांबण्याचा धीर ठेवा. असरला फोन बंद करा. याने उत्पन्न घटेल. सचोटीने वागताच पैसा दुप्पट होईल, असे मी मिंबरवरून कधी सांगितले नाही आणि येथेही सांगणार नाही. बरकतीचा अर्थ तेवढाच असता तर सचोटी हीही विक्रीची एक युक्ती ठरली असती.

मग घेतलेले पैसे कसे फेडायचे? हा प्रश्न मला नमाजनंतर थांबून विचारला जातो आणि तो खरा आहे. एक उत्तर घरात आहे: लग्नाचा मांडव लहान करावा, दुसरी गाडी पुढे ढकलावी. दुसरे उत्तर जमातीत आहे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याचा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे, आणि तो धनको मंडळींना उद्देशून आहे. ज्यांच्याकडे अल्लाहने दिले आहे त्यांनी मशिदीच्या रंगकामाइतकीच तत्परता एखाद्या तरुणाला कर्जे-हसना देताना दाखवावी. शेजाऱ्याने सचोटीने वागावे अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी त्याच्या पहिल्या तोट्याच्या हंगामात त्याच्याजवळ उभे राहायला नको का?

हंगाम सुरू होण्यापूर्वी एका रात्री, इशानंतर, वही घेऊन घरच्यांजवळ बसा. विशेषतः जिच्या बांगड्यांतून दुकान उभे राहिले तिच्याजवळ. तुम्ही तेव्हा तिला काय सांगून पैसे मागितले होते, हे विचारा. तुम्ही विसरला असाल; तिला शब्दन्‌शब्द आठवत असेल. ती जे सांगेल ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर, हिशोबाच्या आधी, तिच्यासमोर लिहून घ्या.