शब्बाथ आणि विजेचे बटण

ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागले की संपतो. या वेळात धर्मनिष्ठ ज्यू माणूस विजेच्या दिव्याचे बटण दाबत नाही. बोट टेकवायला कष्ट पडत नाहीत, मग हा विश्रांतीचा नियम कसा, अशी शंका बाहेरच्या माणसाला हमखास येते. ज्यू धर्मशास्त्र, म्हणजे हलाखा, काम मोजताना घाम पाहतच नाही. इस्राएली लोकांनी वाळवंटात उभारलेल्या निवासमंडपासाठी जी कौशल्ये लागली, त्यांच्या आधारे मिश्ना या प्राचीन नियमसंहितेने ३९ कामे शब्बाथला निषिद्ध ठरवली. नांगरणे, पेरणे, दळणे, विणणे, लिहिणे, बांधणे, विस्तव पेटवणे आणि विझवणे ही त्यांतली काही. घरातले जड टेबल एका खोलीतून दुसरीत नेले, तर या ३९ पैकी एकही काम घडत नाही. कागदावर दोन अक्षरे लिहिली की घडते. जगात नवे काही निर्माण करण्याची जी शक्ती माणसाकडे आहे, ती एक दिवस बाजूला ठेवायची, असा या यादीचा रोख आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले तेही यातूनच. बाकीच्या तेल्यांचे घाणे फिरत असताना यांचे घाणे शनिवारी बंद असत.

वीज घरात आली तेव्हा रब्बींपुढे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपुढे, पहिला प्रश्न बल्बचा होता, आणि तो फार अवघड नव्हता. जुन्या बल्बमधली तार तापून लालबुंद होते. धातू तापवून लाल करणे हा विस्तव पेटवण्याचाच प्रकार, असे बाराव्या शतकात धर्मशास्त्रकार मैमोनिदीसने नोंदवले होते. त्यामुळे बल्ब निषिद्ध ठरला. पण पंख्यात विस्तव नाही, टेलिफोनमध्ये नाही आणि आजच्या एलईडी दिव्यात तापलेली तारही नाही. मग यांना कोणत्या कामाखाली धरायचे?

‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम येशाया कारेलित्झ (१८७८–१९५३) यांच्या मते विजेचे मंडल जोडणे म्हणजे बांधणे. निर्जीव पडलेली तार जोडणीमुळे कामाची वस्तू बनते, म्हणून ते बांधकामच. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख (१९१०–१९९५) यांना हे पटले नाही. त्यांनी तरुण वयातच विजेवर ‘मेओरे एश’ हा ग्रंथ लिहिला होता. जे पुन्हा पुन्हा जोडायचे आणि तोडायचे, ते दार उघडण्या-मिटण्यासारखे आहे, त्याला बांधणे म्हणता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी बंदीमागचे एकेक कारण तपासले आणि जिथे काही तापत वा उजळत नाही, तिथे निव्वळ मंडल जोडण्यात मूळ निषिद्ध काम सापडत नाही, या निष्कर्षाला ते आले. तरीही त्यांनी वीज मोकळी केली नाही. समाजाने हा निषेध स्वीकारला आहे आणि तो पाळलाच पाहिजे, असा त्यांचा निर्णय होता.

विजेविषयीच्या साऱ्या हलाखा-चर्चेत हा निर्णय सर्वांत प्रामाणिक आहे. त्यांनी ओढूनताणून कारण लावले नाही, आणि कारण लागत नाही म्हणून आचारही मोडला नाही. निषेध उद्या विज्ञानाच्या कोणत्याही नव्या शोधाने डळमळू नये, एवढा भक्कम पाया त्याला यातून मिळाला.

रोजच्या घरात हा विचार किती बारकाईने उतरतो, ते फ्रिजपाशी दिसते. दार उघडले की आतला दिवा लागतो. उघडणाऱ्याला दिवा नको असला तरी तो लागणारच. कोंबडीचे डोके कापायचे आणि ती मरू नये म्हणायचे, हे चालत नाही, असा या प्रकारासाठी तालमूद या ग्रंथातला प्रसिद्ध दाखला आहे. म्हणून शुक्रवारीच दिवा काढून ठेवतात, किंवा दाराजवळचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात. पण दार उघडल्यावर बाहेरची गरम हवा आत जाते आणि काही वेळाने मोटर सुरू होते, त्याचे काय? काही रब्बी मोटर चालू असतानाच दार उघडायला सांगतात. आउअरबाख यांनी मात्र हा परिणाम उशिराचा आणि अप्रत्यक्ष मानून केव्हाही उघडण्याची मुभा दिली. स्वयंपाकाचे तसेच आहे. अन्न आधीच शिजवून शुक्रवारी चालू केलेल्या विजेच्या तव्यावर गरम राहते. शब्बाथ सुरू झाल्यावर तव्याचे बटण कोणी फिरवत नाही.

दिवे आपोआप लागावेत-विझावेत म्हणून टायमर आला आणि घरोघर रुळला. वेळ शुक्रवारी लावलेली असते, शब्बाथला कोणी हात लावत नाही. नियमाच्या अक्षरात यात खोट काढणे कठीण. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी तरीही आक्षेप घेतला. दिव्यांपुरती रूढी पडली आहे म्हणून ती चालू द्यावी, पण इतर यंत्रांना टायमर लावू नये, असे त्यांनी लिहिले. उद्या याच मार्गाने अख्खे कारखाने शब्बाथला चालवता येतील आणि त्या दिवसाचा मान उरणार नाही, ही त्यांची भीती होती. बऱ्याच समाजांत हे मत पाळले गेले नाही. पण ३९ कामांपैकी एकही न करता शब्बाथ पुरता संपवता येतो, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.

या प्रश्नांवर यंत्रांच्या अंगाने काम करणाऱ्या दोन इस्राएली संस्था आहेत : रब्बी लेवी यित्झाक हाल्पेरिन यांनी स्थापलेली जेरुसलेममधली विज्ञान आणि हलाखा संस्था, आणि आलोन श्वूत इथली त्सोमेत. त्यांचा बराच भर ‘ग्रामा’ म्हणजे अप्रत्यक्ष कृतीच्या तत्त्वावर आहे. अशा यंत्रात बटण दाबल्याने लगेच काही घडत नाही. यंत्र स्वतःच ठरावीक अंतराने बटणाची स्थिती तपासते आणि बदल आढळला की काम करते. त्सोमेतने अशा शाईचे पेनही तयार केले, की तिने लिहिलेले काही दिवसांत उडून जाते. टिकणारे लिखाण हेच मूळ निषिद्ध काम असल्याने तेवढ्याने दोष हलका होतो. ही साधने मुख्यतः रुग्णालये, सुरक्षादले आणि अपंग माणसे यांच्यासाठी आहेत, आणि ती तिथेच राहावीत हे योग्य. जीव वाचवायचा असेल तर मात्र कोणतीच युक्ती शोधत बसायची नाही. तिथे शब्बाथचे नियम बाजूला सारणे हीच धर्माची आज्ञा आहे; फोन करायचा, गाडी चालवायची.

शब्बाथ लिफ्टवरून वाद अधिक पेटला. ही लिफ्ट मजल्यामजल्यावर आपोआप थांबते, बटण दाबावे लागत नाही. इस्राएलमध्ये २००१ साली तिच्यासंबंधी कायदाही झाला. हाल्पेरिन यांचे म्हणणे असे, की वर जाण्यापेक्षा खाली येणे अधिक शंकास्पद आहे, कारण उतरताना प्रवाशाचे वजनच यंत्राला चालना देते. २००९ मध्ये रब्बी योसेफ शालोम एल्याशिव आणि इतर काही ज्येष्ठ रब्बींनी या लिफ्टच्या वापराविरुद्ध निर्णय दिला. वरच्या मजल्यावरच्या वृद्धांना सिनेगॉगला जाण्यापासून तोडणारा हा निर्णय कठोर होता, आणि अनेक रब्बींनी तो मानला नाही.

सगळे ज्यू पंथ या वाटेने गेलेले नाहीत. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या विधिसमितीने १९५० मध्ये शब्बाथला वीज वापरण्यास आणि सिनेगॉगला जाण्यापुरती गाडी चालवण्यास मान्यता दिली. रिफॉर्म पंथ असे निर्णय व्यक्तीवर सोडतो. २०२० च्या साथीत प्रार्थना पडद्यावरून पाहण्याचा प्रश्न आला. त्या वर्षी सेफार्दी परंपरेतल्या काही ऑर्थोडॉक्स रब्बींनी वल्हांडण सणाच्या रात्री, जिला विजेचा हाच निषेध लागू असतो, एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी काही अटींवर व्हिडिओ-संपर्काला परवानगी दिली. इतर ऑर्थोडॉक्स रब्बींनी तिला तीव्र विरोध केला.

आता यंत्रांना बटणही लागत नाही. माणूस जवळ आला की दार उघडते, हाक मारली की दिवा लागतो, मनगटावरचे घड्याळ प्रत्येक पाऊल मोजते. चालणे निषिद्ध नाही, बोलणेही नाही, आणि मंडल नेमके कोणी जोडले हे सांगणे अवघड होत चालले आहे. अशा घरात ‘कृती कोणाची’ या प्रश्नावर शब्बाथ फार काळ टिकवता येणार नाही. आउअरबाख यांनी मानलेला समाजाचा स्वीकार आणि फाइनस्टाइन यांनी मांडलेला दिवसाचा मान, हेच दोन आधार तिथे उपयोगी पडतील. ऐकणारी आणि पाहणारी उपकरणे शुक्रवारी संध्याकाळी बंद करून ठेवणे, हाच त्यावर सर्वांत सरळ आणि शहाणपणाचा निर्णय आहे.