पटावरचा खरेपणा

बुद्धिबळावर बेतलेल्या दूरचित्रवाणी नाट्याची अडचण अशी, की बहुसंख्य प्रेक्षकांना पटावर काय चालले आहे ते कळत नसते आणि ज्या थोड्यांना कळते, त्यांचे लक्ष नटनट्यांच्या चेहऱ्यांपेक्षा समोरच्या मोहऱ्यांवर खिळलेले असते. २३ ऑक्टोबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या सात भागांच्या मालिकेने हे दोन्ही वर्ग एकदमच जिंकले. पहिल्या २८ दिवसांत ती ६ कोटी २० लाख घरांत पाहिली गेल्याचे कंपनीने जाहीर केले (दोन मिनिटे पाहणेही त्या काळी ‘पाहणे’ धरले जाई, हे लक्षात ठेवलेले बरे), आणि पुढच्या वर्षी तिला ११ एमी पुरस्कार मिळाले. मालिका आली तेव्हा मुंबईत करोनाच्या साथीमुळे लोकल गाड्या सर्वसामान्य प्रवाशांना बंद होत्या, स्त्रियांना ठरावीक वेळांत प्रवासाची मुभा मिळून जेमतेम दोन दिवस झाले होते, आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या घरांत शाळा, कचेरी आणि करमणूक एकाच पडद्यावर आलेली होती.

वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा केंटकीतल्या अनाथाश्रमात वाढलेल्या बेथ हार्मनची आहे. तळघरात एका सफाई कामगाराकडून ती खेळ शिकते, गुंगीच्या गोळ्या आणि दारू यांच्याशी झगडते आणि १९६८ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत जगज्जेत्याला हरवते. शीर्षकातील ‘गॅम्बिट’ म्हणजे डावाच्या आरंभीच काही मोबदल्याच्या आशेने प्यादे देऊ करणे. या विशिष्ट प्रकारात वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवल्यावर शेजारच्या उंटापुढचे प्यादे देऊ केले जाते आणि पटाच्या मध्यावर ताबा मिळवण्याचा प्रयत्न होतो.

जाणकारांनी मालिकेची वाखाणणी केली ती प्रामुख्याने पटाच्या अचूकतेसाठी. गॅरी कास्पारोव्ह आणि ब्रूस पँडोल्फिनी हे तिचे सल्लागार होते, आणि शेवटचा निर्णायक डाव तर १९९३ मध्ये बील येथे इव्हानचुक आणि वुल्फ यांच्यात बरोबरीत सुटलेल्या डावावरून, पुढच्या चाली बदलून, रचलेला होता. प्रत्यक्षात वरच्या पातळीवर वारंवार होणारी बरोबरी या कथेत जवळपास दिसत नाही आणि खेळाडू फारच भराभर चाली करतात, अशा कुरबुरी झाल्या. पण त्या कौतुकाच्या सुरातच विरून गेल्या. कृष्णवर्णीय मैत्रीण जोलीन शेवटी येते ती जणू नायिकेच्या मॉस्को प्रवासाचे पैसे देण्यापुरतीच, हा समीक्षकांचा आक्षेप त्याहून वजनदार होता. सर्वांत मार्मिक शेरा मात्र बुद्धिबळपटू ज्युडिट पोल्गार यांचा म्हणावा लागेल, कारण मालिकेतले पुरुष बेथशी जरा जास्तच चांगले वागतात, असे त्यांनी म्हटले; आणि ज्यांनी कारकिर्दीत प्रामुख्याने पुरुषांच्याच स्पर्धा खेळल्या, त्यांचे हे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

या शेऱ्याचा खरा अर्थ नोना गाप्रिंदाश्विली यांच्या प्रकरणात उघड झाला. जॉर्जियाच्या या खेळाडू १९६२ ते १९७८ महिला जगज्जेत्या होत्या आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा (फिडेचा) सर्वोच्च किताब मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. मालिकेच्या अखेरच्या भागातील समालोचक मात्र त्या पुरुषांशी कधी खेळलेल्याच नाहीत असे सांगतो. १९६८ पर्यंत त्या किमान ५९ पुरुष खेळाडूंशी खेळल्या होत्या असे त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल केलेल्या दाव्यात म्हटले, आणि २०२२ मध्ये तडजोडीने हे प्रकरण मिटले. मूळ कादंबरीत नेमका उलट उल्लेख आहे, म्हणजे चूक अज्ञानातून झालेली नव्हती. मोहरा एक घर चुकला असता तर जे जाणकार मालिकेला हसले असते, त्यांच्यापैकी अनेकांनी माणसांच्या इतिहासातील ही फिरवाफिरव कल्पित कथेची सवलत म्हणून सोडून दिली.

मराठी वाचकाला ही सवलत महाग वाटायला हवी. मुंबईत ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुलींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दशकावर वर्चस्व गाजवले, १९७४ च्या पहिल्याच स्पर्धेत वासंती विजेत्या ठरल्या आणि १९७९ मध्ये जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. १९७६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि अखेरीस फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८१ मध्ये आशियाई महिला विजेतेपदही रोहिणी यांनी मिळवले.

रोहिणी यांच्या १९७६ च्या लढ्यातला प्रतिस्पर्धी समोरच्या खुर्चीत बसलेला नव्हता; तो प्रवेशअर्जात, नियमपुस्तिकेत आणि संघटनेच्या बैठकीत होता. बेथच्या कथेत असा प्रतिस्पर्धी जवळपास कुठेच नाही. तिचे शत्रू तिच्या आत आहेत, व्यसन आणि एकाकीपण, आणि बाहेरचा प्रत्येक पुरुष हरल्यावर यथावकाश तिचा चाहता बनतो. बेथ अनाथ असणे हा त्या नाट्याचा पाया आहे, तर खाडिलकर भगिनींच्या बाबतीत घर हीच संस्था होती: तोडीस तोड प्रतिस्पर्धी बहिणी एकाच छताखाली, वडिलांच्या हाती वृत्तपत्र, आणि पणजोबा नाटककार कृ. प्र. खाडिलकर यांच्यापासून चालत आलेली लढाऊ पत्रकारितेची परंपरा. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने गाजवलेल्या सांगलीतून बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे आल्या, याही प्रतिभेमागे एक गाव उभे होते. एकट्या प्रतिभेची कथा पडद्यावर देखणी दिसते हे खरे. पण तिने खेळाचे वास्तव दाखवले असे म्हणणे हा समीक्षेचा आळस आहे.

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात रविवारी भरणाऱ्या स्पर्धेबाहेर डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळणाऱ्या पालकांना हे समजावून सांगावे लागत नाही. प्रवेशशुल्क, प्रशिक्षकाची फी, आणि निकालांवरून खेळाडूचे बळ मोजणारा गुणांक, म्हणजे रेटिंग, वाढावे म्हणून परगावी करावे लागणारे प्रवास यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. मालिका पाहून मुलीला वर्गात घालणे सोपे. तेराव्या-चौदाव्या वर्षी, दहावीचा अभ्यास दारात उभा असताना, तिला खेळात टिकवणे हे घराचे काम असते आणि त्याला पार्श्वसंगीत नसते.

प्रेक्षकांच्या मतांविषयी मालिकेनेच एक सूचक प्रसंग दिला होता. मासिकातील मुलाखत वाचून बेथ वैतागते, कारण त्या मुलाखतीत डावांपेक्षा ती मुलगी असल्याचीच चर्चा अधिक असते. तरी मालिकेवरच्या लिखाणाचा मोठा भाग तिच्या कपड्यांवर खर्ची पडला, आणि ब्रुकलिन संग्रहालयाने त्या वेशभूषेचे आभासी प्रदर्शनही मांडले. जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जाहीरपणे लिहिले की, प्रेक्षक त्यांच्या डावांऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलत राहतात. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे, म्हणजे नोनांच्याच देशात, कोनेरू हंपी यांना हरवून त्यांनी महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबरच ग्रँडमास्टर किताबही मिळवला. त्या अंतिम लढतीतील बरोबरी फोडणारे, म्हणजे टायब्रेकचे डाव चालींसह कोणालाही पाहता येतात, आणि त्यांतील वजिराच्या चालींवर वाद घालण्याइतके बुद्धिबळ उपनगरांतल्या कितीतरी शाळकरी मुलींना आता येते.