रात्री दहाचं रक्त

सकाळी सातला लॅबचं दार उघडलं की पहिली रांग उपाशीपोटी साखर तपासणाऱ्यांची असते. त्या रांगेत एकदा एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी रात्रभर चुळबुळते, खाजवते, रडत उठते. शौचाची तपासणी दोनदा झालेली आणि दोन्ही कागदांवर ‘जंत आढळले नाहीत’ असं लिहिलेलं. घरी आजीचं मत मात्र ठाम होतं, की पोरगी झोपेत दात खाते म्हणजे जंतच. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का धरता येत नाही, पण आजी त्या वेळी बरोबर निघाली.

आमच्याकडच्या जुन्या तंत्रज्ञांनी बाईला सांगितलं, “ताई, उद्या हिला उठल्या उठल्या आणा. शौचाला बसवू नका, धुऊ नका, आंघोळ तर नाहीच.” दुसऱ्या दिवशी त्यांनी साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराच्या कडेला दाबला, काचपट्टीवर चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अंडी ढिगाने होती. एक बाजू चपटी, दुसरी फुगीर, थेट करंजीसारखी. सुतासारखा हा पांढरा कृमी राहतो आतड्यात, पण मादी अंडी घालायला मूल झोपल्यावर बाहेर येते आणि कातडीवर घालते. म्हणून शौचात ती बहुधा सापडतच नाहीत, आणि आंघोळीनंतर कातडीवरही फारशी उरत नाहीत. आधीच्या दोन्ही तपासण्या कोणी चुकीच्या केल्या नव्हत्या. ती जागाही त्याची नव्हती आणि ती वेळही नव्हती.

असा परजीवी ज्याच्या अंगात राहतो त्याला आपली पाठ्यपुस्तकं ‘यजमान’ म्हणतात. शब्द मोठा मानाचा. त्यातही दोन प्रकार: परजीवीचं नर-मादीचं मीलन ज्याच्या अंगात होतं तो मुख्य यजमान, आणि वाढीचा मधला टप्पा ज्याच्याकडे उरकतो तो मध्यस्थ. हत्तीरोगात मुख्य आपण आणि मध्यस्थ डास. मलेरियात उलट आहे. तिथे लग्न लागतं ते डासाच्या पोटात, आपण नुसता जानवसा. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मोठ्यांना जरा लागतं.

मला या सगळ्यांत हत्तीरोगाचा कृमी सर्वांत हिशेबी वाटतो. त्याचे नर-मादी आपल्या लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात फिरतात. पण दिवसा ती फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री दहा ते दोन या वेळात हातापायांच्या, कातडीच्या रक्तात उतरतात. आपल्याकडे त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, म्हणून. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने 1877 साली चीनमधल्या अमॉय बंदरात आपल्याच एका नोकराला डास चावू दिले, त्याच्या रक्तात हे कृमी होते. मग ते डास फाडून आत पिल्लं वाढताना पाहिली. कीटकाच्या पोटात माणसाचा परजीवी वाढतो, हे त्यातून कळलं. पुढे मात्र मॅन्सन घसरला. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असं त्याने धरलं. कृमी डासाच्या सोंडेतून येतो हे दिसायला 1900 साल उजाडावं लागलं.

त्याआधी 1881 मध्ये लंडनला स्टीफन मॅकेंझीने एका रुग्णाची झोपच उलटी केली. दिवसा झोपायचं, रात्री जागायचं. काही दिवसांत पिल्लांनीही आपली वेळ बदलली आणि ती दिवसा रक्तात दिसू लागली. म्हणजे त्यांचं लक्ष उजेड-अंधारावर नसून आपल्या झोपेवर आहे. पॉलिनेशियाच्या बेटांवर हाच कृमी नेणारे डास दिवसा चावतात, तर तिथली पिल्लं दिवसाही रक्तात असतात. आपण कधी निजतो हे आपल्या घरच्यांनाही इतकं नेमकं ठाऊक नसतं.

म्हणून विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याच्या गावांत, हत्तीरोगाचं पथक रात्रीच निघतं. मीही काही वेळा त्यात होतो. कुत्री मागे लागतात, कड्या उघडत नाहीत. चंद्रपूरकडे एक म्हातारबुवा खाटेवरूनच ओरडले होते, “दिवसा याले का झालं तुमाले?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं, बाबाजी, तो दिवसा घरी नसतो. ते हसले आणि बोट पुढे केलं.

बोट टोचून काढलेल्या रक्ताचा जाड थर काचेवर पसरायचा, वाळवायचा, पाण्याने त्यातला लाल रंग उतरवायचा आणि रंगद्रव्य चढवायचं. मग भिंगाखाली वळवळ थांबलेला धागा दिसतो, मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढा. त्याच्या अंगावर पातळ खोळ आहे का ते पाहायचं आणि नजर शेपटाशी न्यायची. टोक रिकामं असेल तर तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, आपल्याकडचा नेहमीचा. टोकाला सुटे दोन ठिपके असतील तर तो ब्रुगिया मलायी. नवशिके डोक्याकडे पाहत बसतात. ओळख शेपटाकडे आहे.

आता कार्डावरची अँटिजेन चाचणी आली आहे, ती दिवसाही चालते. डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाची एक गोळी देऊन पिल्लांना भर दुपारी तासाभरात रक्तात ओढून आणण्याचीही एक युक्ती आहे. तरी रात्रीचा थेंब सुटलेला नाही, आणि त्यात एक गोष्ट लोकांना पटवणं फार अवघड जातं. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बऱ्याचदा पिल्लं सापडत नाहीत. ती सापडतात शेजारच्या धडधाकट माणसाच्या रक्तात, ज्याला काहीच होत नाही आणि जो म्हणतो, “मला कशाला टोचता, त्याला टोचा.” डास त्याच्याकडूनच पिल्लं उचलतो.

तुमच्या गावात रात्री साडेनऊ-दहाला पिशवी आणि टॉर्च घेतलेली माणसं दारात आली, तर ‘सकाळी या’ म्हणू नका. तुम्ही ठणठणीत असाल तर मुळीच नका. दिवा लावा आणि बोट पुढे करा.