जुन्या विमानाची ‘तत्ता’

एखाद्या वस्तूची चालकशक्ती काढून घेऊन तिच्या जागी अगदी वेगळ्या जातीची शक्ती बसवली, तर पुढे उरते ती वस्तू पूर्वीचीच म्हणायची की दुसरी, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ, घट, पट आणि दीपज्योत यांच्या दृष्टांतांवर घासून पाहिला आहे. दृष्टांत जुने झाले म्हणून प्रश्न शिळा होत नाही. परंतु ज्याचे स्क्रू आजही प्रत्यक्ष सोडवता येतात असा दृष्टांत हाती असेल, तर दर्शनांच्या उत्तरांची परीक्षा अधिक नेमकी होते. रेडिओ-नियंत्रणाने हवाई कसरती करणारे जुने प्रतिकृती-विमान इंधनाच्या इंजिनावरून विजेच्या मोटरवर आणणे, हा असा एक दृष्टांत आहे.

ऑस्ट्रियाचे हानो प्रेटनर यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथे, ‘क्युरारे’ या स्वतः आखलेल्या विमानावर जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच्या आराखड्यावरून पुढे अनेक देशांतील छांदिष्टांनी बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची विमाने बांधली. या पिढीच्या विमानांना सुमारे १० घनसेंटीमीटर क्षमतेचे ग्लो इंजिन असे. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लॅटिनमयुक्त मिश्रधातूची एक बारीक तार आरंभी दीड व्होल्टच्या सेलने तापवतात, आणि पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेमुळे व ज्वलनाच्या उष्णतेमुळे ती आपोआप लाल राहते. इंधनात मिथेनॉलबरोबर थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल मिसळलेले असते. हे सारे काढून टाकून आज त्या जागी ब्रशलेस मोटर, तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवतात. साडेतीन-पावणेचार किलोच्या कसरती विमानाला दर किलोमागे ३०० वॉटहून थोडी अधिक शक्ती लागते असा ठोकताळा आहे. एकापुढे एक जोडलेल्या ६ सेलच्या, म्हणजे २२.२ व्होल्टच्या बॅटरीतून ५५ अँपिअर प्रवाह घेतला, तर सुमारे १,२०० वॉट मिळतात आणि हिशेब जुळतो. जुळत नाही तो प्रश्न एवढाच की, आता जे उडते ते तेच ‘क्युरारे’ आहे काय.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, आणि प्रत्येक उत्तर नकारार्थी आल्यावर ‘रथ’ ही अवयवांच्या आधाराने चालणारी केवळ व्यावहारिक संज्ञा ठरते. या मताने विमानाचा प्रश्न सुटत नाही, तो विरघळतो. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर अस्तित्वात येतो आणि तो अवयवांमध्ये ‘समवाय’ या संबंधाने, म्हणजे तोडता न येणाऱ्या संबंधाने, राहतो. तंतूंमध्ये पट राहतो तसा. म्हणूनच पटातले काही तंतू काढले की जुना पट नष्ट होऊन नवा ‘खंडपट’ उत्पन्न होतो, असे त्यांना म्हणावे लागते. चार स्क्रूंनी बसवलेले इंजिन हे विमानाचे समवायी कारण आहे, की नुसत्या ‘संयोगाने’, म्हणजे मोडता येणाऱ्या संबंधाने, त्याला लागलेले निराळे द्रव्य, यावर नैयायिकाचा निकाल अवलंबून राहील. आणि स्क्रू सुटतात एवढ्यावरून तो निकाल देता येणार नाही, कारण विणलेले तंतूही उसवतातच.

याहून उपयोगी वाद पाकाचा, म्हणजे उष्णतेने होणाऱ्या बदलाचा आहे. कच्चा काळा घट भट्टीत लाल होतो तेव्हा, वैशेषिकांच्या ‘पीलुपाक’ मतानुसार, तो परमाणूंपर्यंत विखुरतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि मग नवा घट जुळून येतो; नैयायिकांच्या ‘पिठरपाक’ मतानुसार घट न विखुरता अखंडपणेच लाल होतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वरील त्याच्याच ‘दीपिके’तून संस्कृतचे विद्यार्थी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहेत, आणि बहुतेकांना तो नुसता कीस पाडण्याचा प्रकार वाटला असणार. परंतु विमान रूपांतरित करणारा कारागीर नेमका याच फाट्यावर उभा असतो. सांगाडा उकलून, फायरवॉल म्हणजे इंजिन धरणारी नाकाकडची प्लायवूडची भिंत कापून, तो नव्याने बांधायचा, की आहे त्या देहाला फक्त आतून पालटायचे, हे त्याला हातात करवत घेऊन ठरवावे लागते. पहिला मार्ग पीलुपाकाचा आहे, दुसरा पिठरपाकाचा.

धर्मविधींतही या प्रश्नाचे एक ठाम उत्तर आढळते. पुरी येथे अधिक आषाढाच्या काही वर्षी, जसे १९९६ आणि २०१५ मध्ये, ‘नवकलेवर’ विधी झाला; त्यात कडुलिंबाच्या नव्या मूर्ती घडवून जुन्या मूर्तींतील गुप्त ‘ब्रह्मपदार्थ’ त्यांच्यात ठेवला जातो, आणि देव तोच राहतो. जीर्ण वस्त्राचा गीतेतला दृष्टांतही याच दिशेचा आहे. विमानाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा होतो: वस्त्र तेच राहते आणि नेसणारा बदलतो. आत्म्यात एकत्व पाहणाऱ्या परंपरेला येथे ‘दुसरे विमान’ असेच म्हणावे लागेल, जर इंजिन हा विमानाचा आत्मा असेल तर. पण तो आहे काय, याबाबत स्पर्धेचे नियम विलक्षण सूचक आहेत. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या हवाई कसरतींच्या एफ-३-ए या वर्गात दीर्घकाळ चालत आलेली ५ किलोंची वजनमर्यादा इंधनाच्या विमानाला इंधनावाचून मोजत, आणि विजेच्या विमानाला बॅटरीसह. म्हणजे नियमकर्त्यांच्या दृष्टीने इंधन हे अन्न आहे आणि बॅटरी हा अवयव. हा भेद मनमानी नाही. ग्लो विमान उडताना सुमारे ३०० ग्रॅम इंधन संपवते, टाकी नाकाकडे असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य हळूहळू मागे सरकतो, आणि उतरणारे विमान उडालेल्या विमानापेक्षा खरोखर हलके असते. बॅटरीचे वजन मात्र भरलेली असताना आणि उतरलेली असताना व्यवहारात एकच. तैत्तिरीय उपनिषदाच्या परिभाषेत बोलायचे तर ग्लो विमानात अन्नमय आणि प्राणमय हे कोश वेगळे दाखवता येतात, विजेच्या विमानात ते एकाच डब्यात बंद असतात. दर उड्डाणात सुमारे बारावा हिस्सा झिजणे हेच ज्याचे जगणे होते, त्याला न झिजणारा देह दिला, तर इंजिन बदलण्यापेक्षा मोठा बदल हाच म्हणावा लागेल.

आणि तरीही कारागिराची सारी धडपड तेपण राखण्याचीच असते. मोटर इंजिनापेक्षा हलकी असते, म्हणून पाऊण किलोची बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य आराखड्यातल्या खुणेवर आणतात. प्रोपेलर मोठा आणि संथ होतो, म्हणून त्याच्या ओढीचा कोन पुन्हा तपासतात. बॅटरी आणि कंट्रोलर तापतात, म्हणून हवेला आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर पडण्याची वाट मोठी ठेवतात. या कामांकडे पाहिले की असे वाटते, की दर्शनांनी एकत्वाला ‘सिद्ध’ म्हणजे आधीच असलेले किंवा नसलेले मानून वाद केला. येथे ते ‘साध्य’ आहे, म्हणजे यत्नाने राखले तर राहते आणि बॅटरी दोन बोटे मागे सरकली तर जाते. प्रतिज्ञा मोठी आहे खरी, आणि घटपटांना ती लागू पडेलच असे नाही. माणसाने बांधलेल्या आणि माणसाच्या हाताने चालणाऱ्या वस्तूंपुरती तरी ती टिकते.

राखले गेल्याचा निवाडा अखेर प्रत्यभिज्ञेवर, म्हणजे ओळखीवर, सोपवला जातो. ‘तो हा देवदत्त’ या ओळखीत पूर्वीचे ‘ते’पण, शास्त्रीय भाषेत ‘तत्ता’, आणि समोरचे ‘हे’पण, म्हणजे ‘इदंता’, एकत्र येतात. कापून पुन्हा वाढलेल्या केसांना आपण तेच केस म्हणतो, असे दाखवून बौद्धांनी ही ओळख सादृश्यातून उपजलेला भ्रमही असू शकते असा आक्षेप घेतला होता. जुन्या चालकाचे बोट आडव्या गिरकीतला तोच प्रतिसाद ओळखते, परंतु त्याच्या कानाला ओळख पटत नाही. मिश्रण पातळ झाल्याची खबर देणारा इंजिनाचा चढता सूर आता नाही, आणि बंद मोटर तर इतकी निःशब्द असते, की बॅटरी जोडलेली असताना थ्रॉटलला चुकून लागलेला धक्का बोटांवर बेतू शकतो.

रूपांतरापूर्वी फायरवॉलचे लाकूड स्पिरिटने पुसतात, त्यावर टाल्कम पावडर टाकून मुरलेले तेल ओढून घेतात, कारण तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. एवढे करूनही उन्हात ठेवलेल्या विमानाच्या नाकातून एरंडेलाचा जळका वास येत राहतो. फुले काढून घेतल्यावर वस्त्रात उरणाऱ्या गंधावरून पूर्वकर्माच्या अवशेषाला दर्शनकारांनी ‘वासना’ हे नाव दिले आहे.