लोक म्हणजे कोण?

‘लोक काय म्हणतील?’ असे आपण नित्य म्हणतो. परंतु हे लोक राहतात कोठे, याचा शोध क्वचितच घेतो. केशवपनाची जुनी चाल पाहावी. पती निवर्तताच कोवळ्या मुलीच्या मस्तकावर वस्तरा फिरे. आई आत जाऊन रडे, बाप बाहेर मान खाली घालून बसे. तरी अडवीत कोणीच नसे. सकेशा विधवेच्या हातचा सोवळ्याचा स्वयंपाक चालत नसे, आणि शेजारीण नावे ठेवील ही धास्ती! त्या शेजारणीलाही स्वतःच्या लेकीविषयी हीच धास्ती असे. ज्याला त्याला दुसऱ्याचे भय. आज्ञा करणारा शोधू जावे तर कोणी सापडत नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. शास्त्रार्थाचा घोळ पंडित घालीतच होते. वस्तरा मात्र यांच्या हाती होता, आणि तो त्यांनी खाली ठेवला. चाल लगेच मोडली नाही, हेही खरे.

आता वस्तरा गेला, कपाळ पाहणारी दृष्टी उरली. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ठराव केला, तो २०२२ साली. आपल्या हळदीकुंकवाच्या बोलावण्यांची यादी तर घरातच, आपल्याच हातांनी लिहिली जाते.