आपल्या माणसाची माफी

११ ऑगस्ट २००५ रोजी आंध्र प्रदेश सरकारने एक आदेश काढला. गौरू वेंकट रेड्डी या कैद्याची उरलेली सुमारे सात वर्षांची शिक्षा राज्यपालांनी माफ केल्याचा तो आदेश होता. १९९५ मधल्या दोन माणसांच्या हत्येच्या प्रकरणात दोषी ठरून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते काँग्रेसचे कार्यकर्ते. पत्नी २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या आमदार झालेल्या, आणि राज्यात सरकारही त्याच पक्षाचे आले होते. राज्यपालपदावर होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे.

मारल्या गेलेल्या दोघांपैकी एकाचा मुलगा एपुरु सुधाकर सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘एपुरु सुधाकर विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार’ या नावाने तो खटला आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. माफीच्या फायलीतल्या कागदांत या कैद्याबद्दल नोंद होती, की तो काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता आहे आणि राजकीय कटातून त्याला गोवण्यात आले आहे. निवडणुकीआधी प्रतिकूल असलेले अहवाल निवडणुकीनंतर अनुकूल कसे झाले, याकडेही अर्जदारांनी बोट दाखवले. न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती एस. एच. कपाडिया यांनी ११ ऑक्टोबर २००६ रोजी ती माफी रद्द केली. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा हे माफीचे निकष होऊच शकत नाहीत, असे खंडपीठाने बजावले आणि अर्जाचा नव्याने विचार करण्याची मुभा राज्यपालांना ठेवली.

या प्रकरणात एका व्यक्तीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण तसे करणे बरोबर नाही. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून नोकरी सुरू करून शिंदे त्या पदापर्यंत पोहोचले होते. न्यायालयाच्या दारात ताटकळणाऱ्या गरिबाची अवस्था त्यांच्याइतकी जवळून पाहिलेले राज्यकर्ते थोडेच. पण राज्यघटनेचे कलम १६१ जरी माफीचा अधिकार राज्यपालांच्या नावाने देत असले, तरी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. राष्ट्रपतींचा कलम ७२ खालचा अधिकारही असाच चालतो. ‘मारू राम’ खटल्यात १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणजे सही राज्यपालांची असते, निर्णय मंत्रालयात होतो. आणि मंत्रालयात बसलेल्यांचाच माणूस तुरुंगात असेल, तर देणारा आणि घेणारा एकाच घरातले ठरतात. खरा दोष इथे आहे.

आता आमच्याकडे, बेळगावला या. शहराला लागूनच, वेंगुर्ला रस्त्यावर, हिंडलगा आहे. इथल्या मराठी माणसाला हिंडलगा म्हटले की १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले हुतात्मे आठवतात आणि आठवतो तो मध्यवर्ती तुरुंग. फाशीची शिक्षा झालेले कैदी याच तुरुंगात ठेवले जातात. दयेच्या अर्जाचे दुसरे टोक पाहायचे तर ते आमच्या उंबऱ्यावरच आहे.

१९९३ च्या पालार भूसुरुंग स्फोटात २२ जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांना म्हैसूरच्या टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. २००४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिची फाशी केली. चौघांनी लगेच दयेचे अर्ज पाठवले. उत्तर आले २०१३ च्या फेब्रुवारीत: अर्ज फेटाळले. नऊ वर्षे हे चौघे हिंडलग्यात रोज सकाळी पावलांचा आवाज ऐकत राहिले. शेवटी २१ जानेवारी २०१४ रोजी ‘शत्रुघ्न चौहान’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या चौघांसह १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. मुख्य कारण होते अर्जांवर झालेला अक्षम्य विलंब.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट दुसरी. हिंडलग्यातला फाशीचा एक कैदी ऑक्टोबर २००७ मध्ये वारला. त्याची फाशी जन्मठेपेत बदलल्याचा आदेश राष्ट्रपती भवनातून जून २०१२ मध्ये निघाला. तेव्हा राष्ट्रपतीपदावर प्रतिभा पाटील होत्या; अनेक फाशीच्या कैद्यांना जीवदान देणाऱ्या राष्ट्रपती म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांच्या करुणेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याच्यासाठी सही झाली तो जवळपास पाच वर्षांपूर्वीच गेला आहे, हे बेळगाव ते दिल्ली या वाटेवरच्या एकाही टेबलावर कुणी पाहिले नाही.

हैदराबादची फाईल सरकार बदलल्यापासून सव्वा वर्षात सुटली. हिंडलग्याची फाईल नऊ वर्षे पडून राहिली. दोन्हींचे गुन्हे वेगळे, शिक्षा वेगळ्या, अधिकारीही वेगळे. पण वेगातला हा फरक गुन्ह्याने ठरवला नाही, ओळखीने ठरवला. वेंकट रेड्डींच्या घरात आमदार होत्या. हिंडलग्यातल्या माणसासाठी मंत्रालयात फोन करणारे कोणी नव्हते.

सत्तेजवळच्या माणसाला माफी हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचे मुख्य सहायक स्कूटर लिबी तपासात खोटे बोलल्याबद्दल दोषी ठरले, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी २००७ मध्ये त्यांची ३० महिन्यांची कैद रद्द केली. पुढे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना पूर्ण माफी दिली. ट्रम्प यांचे जुने राजकीय सल्लागार रॉजर स्टोन यांना ४० महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात पाऊल ठेवण्याआधीच, जुलै २०२० मध्ये, ती रद्द झाली. स्टोन खोटे बोलले होते ते ट्रम्प यांच्याच प्रचाराशी संबंधित चौकशीत. अमेरिकेची राज्यघटना मंजुरीसाठी चर्चेत होती त्या काळातच, १७८८ साली, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी हा धोका सांगितला होता: अध्यक्ष स्वतःच करायला लावलेले गुन्हे स्वतःच माफ करील. तिथे अशा माफीची कारणे न्यायालय सहसा तपासत नाही. आपल्याकडे तपासते. आपल्या न्यायालयांनी कमावलेली ही मोठी गोष्ट आहे, आणि ती जपली पाहिजे.

आपल्या इतिहासाने याची दुसरी बाजूही दाखवली आहे. पुण्याचा कोतवाल घाशीराम हा नाना फडणविसांचा माणूस. १७९१ साली त्याच्या कोठडीत माणसे गुदमरून मेली, शहर पेटले, तेव्हा त्याला जमावाच्या हाती देण्यात आले आणि दगडांनी ठेचून मारले गेले. जोवर सोयीचा तोवर पाठीशी घालायचे, गैरसोयीचा झाला की टाकून द्यायचे. यातल्या कशातही न्याय नाही. सहायकाला वाचवणारी सत्ता आणि सहायकाचा बळी देणारी सत्ता, दोघी एकच प्रश्न विचारतात: आमचा फायदा कशात? दयेने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या माणसाला शिक्षा भोगायला लावून आता कोणाचे भले होणार आहे?

म्हणून दयेचा अधिकारच काढून टाका, असे मी म्हणणार नाही. न्यायालये चुकतात. पुरावा उशिरा सापडतो. कैदी म्हातारा होतो, आजारी पडतो, बदलतो. कायद्याच्या कलमात न मावणारे माणसाचे दुःख पाहण्यासाठी घटनेने ही खिडकी ठेवली आहे. पण जिथे नाते आहे, पक्ष आहे, उपकार आहेत, तिथे दिलेली सूट म्हणजे देवघेव. दया करायची तर ज्याच्याकडून काहीच परत मिळणार नाही, त्याच्यावर करावी.

राजकारणात माणसांना खोट्या खटल्यांत गोवतात, मग त्यांनी कोणाकडे जायचे, असा प्रश्न येतो. तो खरा आहे. सीमाभागात आंदोलकांवर खटले कसे लागतात आणि सरकार बदलले की कसे मागे घेतले जातात, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. पण म्हणूनच गोवले गेल्याचा निर्णय गोवणाऱ्याच्या विरोधकाने करू नये. कर्नाटक सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४३ खटले मागे घेण्याचा आदेश काढला. त्यात हुबळीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्याचा खटलाही होता. उच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात तो आदेश रद्द केला. निरपराध असल्याचा पुरावा असेल तर तो न्यायालयापुढे ठेवावा. सरकारची मर्जी हा पुरावा नव्हे.

आणि ज्याचा माणूस गेला त्याचे काय? नानावटी खटल्यात १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. सत्तेच्या जवळ असल्याचा आरोप त्या माफीवरही झाला. पण खून झालेल्या प्रेम आहुजांच्या बहिणीची संमती तरी त्यापूर्वी मिळवली गेली. बिल्किस बानो प्रकरणात मुंबईच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या ११ जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले, तेव्हा बिल्किस यांना विचारलेसुद्धा नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खटला चालला महाराष्ट्रात, तर अधिकारही महाराष्ट्र सरकारचा, असे सांगितले. त्यासाठी त्या बाईंना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, जशी एपुरु सुधाकर यांना चढावी लागली होती.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जांना मुदती घातल्या. हिंडलग्यासारखी नऊ वर्षे पुन्हा होऊ नयेत, म्हणून ते स्वागतार्ह. पण त्याच कलमात राष्ट्रपतींचा निर्णय कसा झाला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असेही लिहिले आहे. आज ते फाशीपुरते आहे. ही सवय वाढली तर उद्या एखाद्या एपुरु सुधाकरसाठी दार उघडे राहणार नाही.

करायचे काय ते अवघड नाही. शिक्षामाफीच्या प्रत्येक आदेशात कारणे लिहावीत आणि तो विधिमंडळासमोर ठेवावा. मृताच्या किंवा पीडिताच्या कुटुंबाचे म्हणणे आधी ऐकावे. अर्जदार किंवा त्याचा जवळचा नातेवाईक सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारी असेल, तर त्या फायलीवर मंत्र्यांनी सल्ला देऊ नये. परराज्यातल्या निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने द्यावा. अर्ज आले त्या क्रमाने निकाली काढावेत.

पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मराठी असो वा कन्नड, हा पक्ष असो वा तो, एवढे जरूर विचारा: हिंडलग्यातल्या ज्या कैद्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या अर्जाला जो नियम, तोच तुमच्या कार्यकर्त्याच्या अर्जाला लावाल का? जो स्पष्ट ‘हो’ म्हणणार नाही, त्याच्या हाती माफीचा अधिकार देऊ नका.