संकटात राजाने प्रथम कोणाकडे मागावे?

२३ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेल्या आदेशाने केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांना १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ या तारखांपासून देय होणारी महागाईवाढ गोठवण्यात आली. निवृत्तिवेतनावर मिळणाऱ्या या वाढीला महागाई सवलत म्हणतात. नावात सवलत असली तरी ती बक्षीस नव्हे, भाववाढीमुळे मूळ निवृत्तिवेतनाची जी झीज होते ती भरून काढण्याची तजवीज आहे. त्याच आठवड्यात भारतीय महसूल सेवेतील काही अधिकाऱ्यांनी तयार केलेले एक टिपण प्रकाशात आले. करोनाच्या साथीने आटत चाललेल्या तिजोरीसाठी एक कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उत्पन्नावरील कराचा दर ४० टक्के करावा, किंवा पाच कोटींहून अधिक निव्वळ संपत्ती असणाऱ्यांवर संपत्ती कर पुन्हा लावावा, असे त्यात सुचवले होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या टिपणाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले आणि तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई सुरू झाली. वृद्धांच्या प्राप्तीला कात्री लावणारा निर्णय अमलात आला आणि धनिकांकडे मागण्याची नुसती सूचना शिस्तभंग ठरली, हा योगायोग अर्थशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगा आहे.

राज्यावर संकट आले असता कोणाकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटीवर मागावे, हा भारतीय राजनीतीतला जुना प्रश्न आहे. महाभारताच्या शान्तिपर्वात नेहमीच्या राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या राजधर्मपर्वानंतर आपद्धर्मपर्व येते. आपद्धर्म म्हणजे एरवी निषिद्ध असलेले आचरण ज्या मर्यादेत संकटकाळी क्षम्य ठरते ती मर्यादा. परंतु संकटातील मागणीचा विचार राजधर्मपर्वातच झालेला आहे, आणि तेथे भीष्म युधिष्ठिराला जी रीत सांगतात ती अशी. राजाने आधी भय कोणते आहे ते प्रजेपुढे उघड मांडावे, त्यांच्याच रक्षणासाठी धन मागत असल्याचे सांगावे, आणि भय टळल्यावर घेतलेले परत करण्याचे वचन द्यावे. धनवंतांचा मान राखावा, ते राज्याचे एक प्रधान अंग आहेत, असेही तेथेच सांगितले आहे, पण हा मान राजाबरोबर प्रजेला सांभाळण्याच्या अपेक्षेशी जोडलेला आहे. कौटिल्य कमी भाविक आणि अधिक व्यवहारी आहे. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात कोश रिकामा झालेल्या राजाने करावयाच्या जादा वसुलीचे एक संपूर्ण प्रकरण असून, त्यात आढ्य म्हणजे संपन्न लोकांकडून सोने मागावे, देणाऱ्यांना छत्र, पागोटे यांसारखी मानचिन्हे द्यावीत, आणि अशी वसुली एकदाच करावी, दुसऱ्यांदा करू नये, असे बजावले आहे. उलट बाजूस मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आंधळे, पंगू आणि सत्तरी गाठलेले वृद्ध यांच्याकडून कोणीही कर घेऊ नये असा नियम सापडतो, तर बालक, वृद्ध आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे कौटिल्य दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीच सांगतो.

या ग्रंथांना आजच्या समतेचे प्रवक्ते मानणे भाबडेपणाचे होईल. मनूच्या त्याच श्लोकात श्रोत्रियांवर, म्हणजे वेदाध्ययन करणाऱ्या ब्राह्मणांवर, उपकार करणाऱ्यालाही करमाफी आहे, आणि कौटिल्याच्या त्याच प्रकरणात खोटे चमत्कार दाखवून श्रद्धाळू लोकांचे पैसे काढण्याच्या युक्त्याही दिलेल्या आहेत. तरीही वर्णभेद आणि कपट यांचे वावडे नसणाऱ्या या परंपरेलासुद्धा संकटकाळी पहिली मागणी वृद्धांकडे करणे सुचले नाही, एवढी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

या प्रश्नाला ऋणाच्या कल्पनेने निराळी धार येते. तैत्तिरीय संहितेत ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत, आणि ऋण व दान यांतील भेद असा, की दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, तर ऋण फेडणे ही ऋण घेणाऱ्याची इच्छा नसून बांधिलकी असते. निवृत्तिवेतन यांपैकी कशात मोडते? शुक्रनीतीत चाळीस वर्षे सेवा केलेल्या सेवकाला पुढे सेवेविना अर्धे वेतन द्यावे असा नियम आहे (हा ग्रंथ फार उशिराचा असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे, पण त्याने नियमाचा आशय बदलत नाही). सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात निवृत्तिवेतन ही मालमत्ता असल्याचे म्हटले आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा खटल्यात ते कृपेचे दान नसून उमेदीच्या वर्षांत केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे असा निर्वाळा दिला. आंध्र प्रदेश सरकारने साथीच्या काळात वेतन आणि निवृत्तिवेतनाचा काही भाग लांबणीवर टाकला, तेव्हा २०२१ साली त्याच न्यायालयाने ती रक्कम सहा टक्के व्याजासह देण्यास सांगितले. निवृत्तिवेतन हे ऋण असेल, तर धनिकांवरचा वाढीव कर आणि निवृत्तिवेतनातील कपात हे दोन सारख्या वजनाचे पर्याय राहत नाहीत. कपातीत सावकाराचे देणे बुडवले जाते आणि करात सहभागीदाराकडे नवी वर्गणी मागितली जाते. घरात ऐवज असताना वाण्याची उधारी थकवणाऱ्या गृहस्थाला कोणी काटकसरी म्हणत नाही.

यावर सर्वांत प्रबळ आक्षेप रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाचा आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने श्रमाच्या मिळकतीवरील कराची तुलना वेठबिगारीशी केली, कारण कराच्या रकमेइतके तास माणूस दुसऱ्यासाठी राबतो. या युक्तिवादाचे गांभीर्य मान्य केले तरी तो प्रस्तुत वादात करदात्याच्या बाजूने पुरेसा उभा राहत नाही. वेठ कशाला म्हणायचे, तर काम करून घेऊन मोबदला न देण्याला. आणि तीस वर्षांच्या सेवेचा राखून ठेवलेला मोबदला झिजवणे त्या व्याख्येच्या अधिक जवळ जाते. शिवाय गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या सिद्धान्तात धनिक आपल्या गरजेपलीकडील संपत्तीचा मालक नसून समाजाच्या वतीने विश्वस्त असतो, आणि टीकाकार म्हणतात तसा तो केवळ हृदयपरिवर्तनावर विसंबणारा सिद्धान्त नव्हता. अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांनी तयार केलेल्या आणि गांधीजींनी पाहून दिलेल्या मसुद्यात संपत्तीच्या मालकीचे कायद्याने नियमन करण्यास जागा ठेवलेली होती.

व्यवहारी आक्षेप असा, की श्रीमंतांवरील करातून हाती फारसे लागत नाही. १९५७ च्या कायद्याने आलेला संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द करताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१३-१४ सालची वसुली १,००८ कोटी रुपयेच असल्याचे सांगितले, आणि त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला. आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे, कारण १९९३ पासून समभागांसारखी उत्पादक मानलेली मालमत्ता या करातून वगळली गेली होती आणि मोठ्या संपत्तीचा मोठा भाग नेमका तेथेच असतो. जाळ्याची भोके रुंद करून मासे नाहीत म्हणण्यासारखाच हा प्रकार झाला. वारसा हक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरील कर तर १९८५ सालीच गेला. साथीच्या आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलावर पाणी सोडण्यात आले. कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांची महागाईवाढ १८ महिने गोठवून वाचले सुमारे ३४,४०० कोटी.

परंतु निवृत्तिवेतनधारक हा एकजिनसी वर्ग नाही, आणि या वादातील खरी अडचण येथे आहे. सचिवपदावरून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची महागाई सवलत गोठली तर त्याच्या ताटातील घास कमी होत नाही. साखर कारखान्यात किंवा एसटीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मिळणारी किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे आणि तिला महागाई सवलत मुळातच जोडलेली नाही. ती ७,५०० रुपये व्हावी, म्हणून बुलढाण्यात केंद्र असलेले आंदोलन वर्षानुवर्षे चालू आहे. त्याखाली इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतील लाभार्थी येतात, ज्यांच्यासाठी ऐंशी वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता आणि नंतर वाढलेला नाही. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेतून २०२३ मध्ये ही मदत १,५०० रुपयांपर्यंत नेली, हे राज्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. शेतमजूर किंवा मोलकरीण यांनी सरकारची नोकरी केलेली नसते, म्हणून त्यांचे ऋण कोणत्याही सेवापुस्तकात लिहिलेले नसते. तरी समाजाने त्यांच्या स्वस्त श्रमाचा उपभोग घेतलेलाच असतो. जॉन रॉल्स याने १९७१ साली मांडलेल्या भेदतत्त्वानुसार विषमता तेवढीच न्याय्य, जेवढी सर्वांत तळच्या माणसाची स्थिती सुधारते, आणि या कसोटीवर गोठवलेल्या महागाई सवलतीपेक्षा गोठलेले २०० रुपये हा मोठा अन्याय ठरतो. पहिल्या अन्यायाविरुद्ध संघटना बोलल्या, दुसऱ्यासाठी कोणाला आदेशसुद्धा काढावा लागला नाही. भाववाढीने ते काम परस्पर केले.

साथीच्या पहिल्या महिन्यांत वाढ थांबवणे आपद्धर्म म्हणून समर्थनीय मानता येईल. परत न करणे तसे मानता येणार नाही, कारण भीष्मांच्या रीतीत परतफेडीचे वचन हाच संकटातील मागणीला लुटीपासून वेगळे करणारा भाग आहे. १ जुलै २०२१ पासून महागाई सवलतीचा दर १७ वरून २८ टक्के करण्यात आला, मात्र मधल्या १८ महिन्यांची थकबाकी देणे शक्य नसल्याचे सरकारने संसदेत वारंवार सांगितले आहे. याउलट पाच कोटींहून अधिक उत्पन्नावर साथीपूर्वी, २०१९ साली, ३७ टक्क्यांपर्यंत वाढवलेला अधिभार २०२३ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत २५ टक्क्यांवर आणला.